पंधरा वर्षांच्या मुलीचं टेन्शन: शाळेचं किती, घरचं किती, वयाचं किती?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगी पंधरा वर्षांची, गेल्या वर्षापर्यंत स्वतःहून अभ्यासाला बसणारी. यंदा मोठ्या परीक्षेचं वर्ष. शाळा असेल त्या सकाळी तिचं डोकं दुखतं, मळमळतं. सुट्टीच्या दिवशी ठणठणीत असते. रात्री उशिरापर्यंत जागते, काही विचारलं की अंगावर येते आणि टेस्टचे मार्क कळले की खोलीचं दार लावून घेते. हे शाळेच्या ओझ्यामुळे, आमच्या अपेक्षांमुळे, की वयच असं असतं, असं तुम्ही विचारलंय. आम्ही कधी हात उगारला नाही, पहिला नंबर आण म्हटलं नाही, ‘तुझ्या क्षमतेप्रमाणे कर’ एवढंच सांगतो. मग आता अपेक्षाच ठेवायच्या नाहीत का, हाही तुमचा प्रश्न आहे. आणि तिच्या बाबांचं म्हणणं असं, की थोडं टेन्शन हवंच, त्याशिवाय मुलं पुस्तक हातात घेत नाहीत.

बाबांच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण त्यात तथ्य आहे आणि ते अर्धवट आहे. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आली, जी नंतर माणसांनाही लावून पाहिली गेली. थोडी उत्तेजना असेल तर काम सुधारतं, ती एका मर्यादेपलीकडे गेली की बिघडतं. यातला पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही: काम जितकं अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. पाठ असलेले पाढे माणूस भीत भीतही म्हणू शकतो. कधी न पाहिलेलं गणित सोडवताना तीच भीती आड येते. पंधराव्या वर्षीचा अभ्यास बहुतेक दुसऱ्या प्रकारचा असतो, म्हणून लहानपणी ‘थोडी भीती दाखवली की बसायची’ हा अनुभव आता लागू पडत नाही.

पण माझ्या मते टेन्शन किती आहे यापेक्षा ते कशाचं आहे हे आधी पाहायला हवं. डिकरसन आणि केमेनी या संशोधकांनी 2004 साली 208 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्या सगळ्या प्रयोगांत लोकांना तणावाची कामं देऊन त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मोजलेलं होतं. काम नुसतं कठीण असलं म्हणून कॉर्टिसॉल फार वाढत नव्हतं. ते सर्वांत जास्त वाढलं आणि सर्वांत हळू उतरलं ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर: दुसरं कुणीतरी आपल्याला जोखतंय, आणि निकाल आपल्या हातात नाही.

ही दोन वाक्यं तुमच्या मुलीच्या दिवसावर ठेवून पाहा. कोणता विषय, कोणता क्लास, किती वाजता उठायचं, कधी टेस्ट, यातलं काहीच ती ठरवत नाही. आणि जे होईल त्यावर शिक्षक, वर्गातली मुलं, नातेवाईक आणि तुम्ही दोघं तिला जोखणार, हे तिला पक्कं माहीत आहे. एरवी मेहनती असलेली मुलगी अभ्यासाच्या ओझ्याने सहसा मोडत नाही. आपण कमी पडलो तर घरातली आपली जागा कमी होईल असं तिला वाटू लागलं, की मग ती मोडायला लागते. शाळा ओझं देते, पण त्या ओझ्याचा अर्थ बहुतेक वेळा घरात ठरतो. पुढे जे लिहिते आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे.

सकाळच्या डोकेदुखीचं आधी बोलू, कारण घराघरांत यावरूनच भांडणं पेटतात. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही म्हणजे नाटक, असा निष्कर्ष आईवडील काढतात. तो चुकीचा आहे. धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना संदेश जातो. ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतं, स्नायू ताणले जातात, हृदयाची गती वाढते, पचनाचं काम मंदावतं. मान आणि कपाळाचे स्नायू ताठले की डोकं खरोखर दुखतं, पोट बिघडलं की खरोखर मळमळतं. शाळेच्या दिवशीच हे होतं याचा अर्थ एवढाच की शरीर शाळेला धोका समजायला लागलंय. तरीही एकदा डॉक्टरांकडे नेऊन आणा. रक्तात लोह कमी असणं, चष्म्याचा नंबर, अर्धशिशी, थायरॉइड, पाळीच्या तक्रारी हे सगळं या वयात आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर मात्र ‘बघ, तुला काही झालेलं नाही’ असं म्हणू नका. ‘आजार नाही हे बरं झालं, पण दुखतं तर आहेच, ते कशामुळे ते शोधू’ असं म्हणा.

दुसरी तक्रार तुम्ही लिहिली नाही, पण अशा घरांत ती बहुधा असतेच: घरी सगळं येत होतं, पेपर हातात आला आणि डोकं ब्लँक झालं. समोरची माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करण्याची मेंदूची जागा फार मर्यादित असते. ‘हे चुकलं तर’, ‘आई काय म्हणेल’, ‘बाजूचीने पुरवणी घेतली’ हे विचार त्याच जागेत शिरतात आणि गणिताला जागा उरत नाही. म्हणून ‘नीट अभ्यास केला असता तर टेन्शन आलंच नसतं’ हे वाक्य मुलांना इतकं लागतं. 2015 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना याबद्दल विचारलं होतं. चांगली तयारी असूनही परीक्षेआधी फार चिंता वाटते असं सरासरी 55 टक्के मुलांनी सांगितलं. वाईट मार्क मिळतील याची काळजी 66 टक्क्यांना होती. तुमच्या मुलीत काही वेगळं बिघडलंय असं म्हणण्याआधी हे आकडे आठवा.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, जी शाळांनी भिंतीवर लावावी असं मला मनापासून वाटतं. किती वेळा परीक्षा घेतल्या जातात याचा मुलांच्या चिंतेशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो शिक्षकांच्या वागण्याशी. अडलं तर शिक्षक मदत करतील असं ज्यांना वाटत होतं ती मुलं कमी चिंतेत होती. शिक्षक आपल्याला आहोत त्यापेक्षा ‘ढ’ समजतात असं ज्यांना वाटत होतं ती जास्त. म्हणजे शाळेतही पुन्हा तेच: टेस्टपेक्षा टेस्टच्या पलीकडे उभं असलेलं माणूस महत्त्वाचं. वर्गासमोर मार्क वाचून दाखवणं, पेपर मार्कांच्या क्रमाने वाटणं, ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ असं सगळ्यांदेखत म्हणणं, यातून कुणाचा अभ्यास सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. आजारी पडून घरी राहिलेली मुलं मात्र पाहिली आहेत.

चांगल्या शाळेत घातलं म्हणजे हे प्रश्न सुटतात, असंही नाही. सुनिया लूथर या मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या सुस्थितीतल्या घरांचा आणि निकालाबद्दल नावाजलेल्या शाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होत्या. तिथल्या मुलांत चिंता आणि नैराश्य सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त आढळत होतं. जिथे सगळेच हुशार, तिथे रोजची तुलनाही तितकीच धारदार.

आता घराकडे येते. इथे मी तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलणार आहे, दोष द्यायला नाही.

‘तुझ्या क्षमतेप्रमाणे कर’ हे वाक्य आईवडिलांना अत्यंत सौम्य वाटतं. मुलांना ते तसं ऐकू येत नाही. पहिला नंबर आण म्हटलं तर निदान तो कुठे आहे हे दिसतं. क्षमता कुठे संपते हे कुणालाच दिसत नाही. पंच्याऐंशी टक्के मिळाले तर क्षमता नव्वदची होती, नव्वद मिळाले तर पंच्याण्णवची. ‘हे माझ्या क्षमतेएवढे झाले’ असं मुलीला कधीच म्हणता येत नाही, कारण ते ठरवायचा अधिकार दुसऱ्याच्या हातात आहे. जोखणारं कुणीतरी आणि हातात नसलेला निकाल, वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी या एका वाक्यात येऊन बसतात. मनाने हळव्या आणि कर्तव्याला पक्क्या मुलींना हे वाक्य सर्वांत जड जातं.

आणि मुलं वाक्यांपेक्षा चेहरे वाचतात. चांगले मार्क आले त्या संध्याकाळी घरात हसणं-बोलणं, आत्याला फोन; कमी आले की जेवताना शांतता, बाबा लवकर झोपायला गेले. कुणी रागावलं नाही, कुणी काही बोललं नाही. तरी मुलीने नोंद केलेली असते. मानसशास्त्रात याला ‘कंडिशनल रिगार्ड’ म्हणतात, आपण अटीवरची माया म्हणू. असोर, रॉथ आणि डेसी यांनी 2004 साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांत याचा अभ्यास केला. आपण यशस्वी झालो की आईवडिलांची माया वाढते आणि अपयशी झालो की आटते असं ज्यांना वाटत होतं, ती मुलं आईवडिलांना हवं ते करत होती, हे खरं. पण आतून कुणीतरी ढकलतंय अशा भावनेने. यश मिळाल्यावरचं समाधान थोडा वेळच टिकत होतं, अपयशानंतरची लाज फार होती आणि आईवडिलांबद्दल मनात राग साठलेला होता. म्हणजे ही पद्धत चालते, म्हणूनच ती घराघरांत टिकून आहे. तिची किंमत नंतर दिसते.

‘तुझ्यासाठी आम्ही एवढं करतो’ हेही याच जातीचं. खर्च, बदललेली नोकरी, सोडलेल्या सुट्ट्या हे सगळं खरं असतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीला ते कर्जासारखं ऐकू येतं आणि ते फेडायचं एकच नाणं तिच्याकडे असतं, मार्क. भावंडांशी, चुलत-मावस बहिणींशी तुलना करण्याबद्दल फार लिहीत नाही. ती बंदच करा.

मग अपेक्षा सोडायच्या का? नाही. अजिबात नाही. ज्या घरात ‘तिच्याकडून काही व्हायचं नाही’ असं गृहीत धरलेलं असतं तिथली मुलंही खचतात, फक्त आवाज न करता. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात साडेतीन हजारांवर विद्यार्थ्यांचा काही वर्षं मागोवा घेतलेल्या एका प्रकल्पाची माहिती मुरायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. आईवडिलांना दोन वेगळे प्रश्न विचारले होते: मुलाला गणितात किती मार्क मिळावेत असं तुम्हाला वाटतं, आणि प्रत्यक्षात किती मिळतील असं वाटतं? इच्छा उंच असणाऱ्या घरांतल्या मुलांचं गणित पुढे सुधारत गेलं. पण इच्छा ही अंदाजाच्या पलीकडे गेली, म्हणजे मिळतील असं वाटत नाही तरी मिळायलाच हवेत, तिथे मुलांची प्रगती घसरली. दोन्हींतलं अंतर नुकसान करतं. तुम्ही दोघांनी आज रात्री वेगवेगळ्या कागदांवर या दोन प्रश्नांची उत्तरं लिहून पाहा, एकमेकांना न दाखवता. नवरा-बायकोच्या आकड्यांत जे अंतर निघतं तेही मुलीच्या वाट्याला येत असतं, कारण ती दोघांनाही खूश करायला बघते.

हा दबाव तुमच्या एकट्याच्या घरातला नाही. करन आणि हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली उत्तरं तपासली. ‘लोकांना माझ्याकडून बिनचूकपणाच हवा आहे’ ही भावना त्या काळात सतत वाढत गेलेली दिसली. भविष्य अनिश्चित वाटतं, चांगल्या जागा थोड्या आहेत असं वाटतं, आणि त्या भीतीपोटी आईवडील मुलांना ढकलतात. ही भीती मायेतूनच येते हे मला माहीत आहे. पण भीती तुमची असेल तर ती तुम्ही सांभाळायला हवी, एकमेकांशी बोलून, मित्राशी बोलून. मुलीच्या टेस्टच्या मार्कांनी ती शमवून घेणं तिच्यावर अन्याय आहे.

वयाचा वाटा किती? बराच, आणि त्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग झोपेचा आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा उशिरा, सुमारे तास-दोन तास उशिरा, पाझरू लागतं. दहाला आडवं होऊनही डोळा लागत नाही यात आळस किंवा उद्धटपणा नसतो. 13 ते 18 वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते, आणि शाळेची सकाळ तर पुढे सरकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी झोप कापली जाते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत असं सांगितलं ते याचसाठी. अर्धवट झोपेत चिडचिड वाढते, छोटी गोष्ट मोठी वाटते, आणि दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं करायचं काम झोपेत होतं तेही अर्धं राहतं. शिवाय भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो, आणि मित्रमैत्रिणींच्या मताला या वयात जेवढी धार असते तेवढी पुन्हा कधी नसते. मोबाइलने यात भर घातली आहे, विशेषतः रात्री. पण मोबाइल हेच मूळ कारण धरून तो काढून घेतला, तर तिच्याकडचं मैत्रिणींशी बोलायचं दारही बंद होतं. रात्री सगळ्यांचेच फोन, तुमचेसुद्धा, झोपायच्या खोल्यांबाहेर ठेवा. तेवढं पुरे.

आता करायचं काय.

सुरुवात एका बोलण्यापासून करा, आणि ते मार्क हातात आलेले असताना करू नका. समोरासमोर बसवून तर नकोच. चालताना, गाडीत, काहीतरी काम करता करता. या वयाची मुलं डोळ्याला डोळा न भिडवता जास्त बोलतात. ‘काय झालंय तुला?’ हा प्रश्न उलटतपासणीसारखा लागतो. त्याऐवजी जे पाहिलं ते सांगा: ‘शाळेच्या दिवशी सकाळी तुला फार त्रास होतो हे मी पाहतेय. मला वाटतं आमच्या बोलण्याचाही त्यात वाटा असेल. तुला काय वाटतं?’ आणि मग गप्प राहा. ती ‘काही नाही’ म्हणेल. म्हणू द्या. पाच दिवसांनी, रात्री उशिरा, तुम्ही दमलेल्या असताना ती बोलायला येईल. तेव्हा उपाय सुचवू नका, बाजू मांडू नका, ‘आमच्या वेळी’ तर नकोच. तिने तुमच्या बाबतीत काही कडू सांगितलं तर ‘असं वाटायला नको होतं’ असं म्हणू नका. ‘हे मला माहीत नव्हतं, सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा. त्या वाक्यानंतर ती पुढचं सांगते की नाही यावर बरंच काही ठरतं.

मार्क कळतात त्या दिवसाची पहिली दहा मिनिटं तुमच्या हातात असतात. त्या दहा मिनिटांत मार्कांवर एकही प्रश्न नको, ‘बाकीच्यांना किती?’ हा तर कधीच नको. चेहरा आणि आवाज रोजचा ठेवा, जेवण रोजच्यासारखं होऊ द्या. पेपर दुसऱ्या दिवशी उघडा, तिने ‘हो’ म्हटल्यावर. तेव्हा एकूण मार्क बाजूला ठेवून कुठला प्रश्न का चुकला हे पाहा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, की वेळ पुरला नाही. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. आणि मार्क चांगले आले तरी तो दिवस फार मोठा साजरा करू नका. हे पालकांना कठोर वाटतं. पण उंच साजरेपणानेच पुढच्या वेळची शांतता खोल होते.

तिच्या हातात काहीतरी खरोखर द्या. नावापुरतं नाही. अभ्यासाची वेळ तिने ठरवायची; आधी अवघड विषय की सोपा, तिने ठरवायचं. आठवड्यातला एक क्लास किंवा एक टेस्ट सिरीज कमी करायची मुभा द्या आणि कोणती हे तिला निवडू द्या. ती तुमच्या मते चुकीची निवडेल, तरी महिनाभर ती निवड पाळा. बहुतेक पालक इथे अडतात. बोलायला सगळे तयार असतात, वेळापत्रकातून काही काढायला कुणी तयार नसतं. नुसतं ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणायचं आणि दिवस तसाच भरलेला ठेवायचा, यातून मुलीला एवढंच कळतं की आता टेन्शन आलं तेही चुकलंच.

अभ्यासाच्या पद्धतीकडेही पाहा. घाबरलेली मुलं तेच पान पुन्हा पुन्हा वाचतात, ओळींवर रंग फासतात, कारण त्याने अभ्यास झाल्यासारखं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगांत, वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं. पुन्हा वाचत बसणाऱ्यांना मागाहून कमी आठवलं, जरी त्यांनाच आपली तयारी चांगली झाली असं वाटत होतं. रोज थोडं मिटून लिहिणं म्हणजे न जोखता दिलेली परीक्षाच. कुणी तपासत नाही, कुणी बघत नाही. पेपरची धास्ती कमी करायला मला हा साधा सराव श्वासाच्या व्यायामाइतकाच उपयोगी वाटतो.

डोकं दुखतं म्हणून शाळा बुडवू द्यायची का? एखाद्या दिवशी ठीक आहे. पण घरी राहिल्याने त्या सकाळी जो सुटल्यासारखा आराम मिळतो, तोच पुढच्या सकाळची भीती वाढवतो, आणि बुडालेल्या अभ्यासाचं ओझं वेगळंच. जायलाच लावायचं, पण वर्गशिक्षकांशी बोलून सोय करून: पहिला तास सोडून जाणं, फार झालं तर दहा मिनिटं आजारी मुलांसाठीच्या खोलीत बसायची परवानगी, तोंडी परीक्षा वर्गासमोर न घेता बाजूला घेणं. शाळेत भेटायला जाल तेव्हा ‘मुलीला फार प्रेशर आहे’ असं मोघम बोलू नका. दोन ठोस गोष्टी मागा: तिचे मार्क वर्गात मोठ्याने वाचले जाऊ नयेत, आणि अडल्यावर ती एकटीने जाऊन बोलू शकेल असे एक शिक्षक ठरवून द्यावेत. जायच्या आधी मुलीला विचारा. तिच्या नकळत गेलात तर तिचा विश्वास जाईल.

आता जे सांगते ते नीट वाचा, तुमच्या मुलीत हे दिसत नसलं तरी. सलग दोन आठवडे उदास किंवा कोरी वाटणं, आवडीच्या गोष्टींत रस न उरणं, खाणं-झोप पार बदलणं, मैत्रिणींना टाळणं, हातावर कापल्याच्या खुणा, गरमीतही लांब बाह्या, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं बोलणं, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणं. यातलं काही दिसलं तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. परीक्षा संपायची वाट पाहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे 10 ते 19 वयातल्या सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारा, याच शब्दांत. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत खोटी आहे. विचारल्याने मुलांना बोलायला वाट मिळते. ‘हो’ असं उत्तर आलं तर तिला एकटं सोडू नका, औषधं, विषारी द्रव्यं, धारदार वस्तू हाताशी राहणार नाहीत असं पाहा आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे किंवा इस्पितळात घेऊन जा. तुमच्याकडे मदतीसाठीचा फोन क्रमांक असेल तर तो आधीच काढून ठेवा. मोठ्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तुमच्यापैकी एकाने घरीच राहावं, मार्क कितीही अपेक्षित असले तरी.

शेवटचं, बाबांना उद्देशून. घरातला दबाव कमी केला की पहिले काही आठवडे मुलगी कमी अभ्यास करेल अशी शक्यता आहे. इतके दिवस दुसऱ्याच्या ढकलण्यावर चाललेलं मन स्वतःच्या जोरावर चालायला वेळ घेतं, आणि तुम्ही खरंच बदललात की हे नाटक आहे हेही ती तपासून पाहत असते. या काळात ‘बघ, सूट दिली की असं होतं’ हे वाक्य बाहेर पडलं, तर आधीचं सगळं वाया जातं. सहा ते आठ आठवडे धीर धरा. त्या काळात मार्कांकडे पाहू नका. सकाळच्या तक्रारी, झोप, आणि ती तुमच्याशी अभ्यासाव्यतिरिक्त काही बोलते का, हे पाहा. दोन महिन्यांनीही सकाळची मळमळ तशीच असेल तर किशोरवयीन मुलांबरोबर काम करणाऱ्या तज्ज्ञाची वेळ घ्या. पहिल्या भेटीत तिला एकटीने आत जाऊ द्या आणि बाहेर आल्यावर ‘काय विचारलं?’ असं विचारू नका. तिला सांगायचं असेल ते ती सांगेल.